बल्गेरियाने युरो घेतला, तर निम्मा देश नाराज का?

१ जानेवारी २०२६ ला बल्गेरिया युरो वापरणारा एकविसावा देश झाला. त्यांचं १८८१ पासूनचं चलन म्हणजे लेव. तो महिनाभर युरोच्या जोडीने दुकानांत चालला आणि फेब्रुवारी उजाडताच व्यवहारातून बाद झाला.

लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हा युरोपीय संघातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एक, आणि त्याला जर्मनी-फ्रान्सचं भक्कम चलन मिळतंय. लोकांनी पेढे वाटायला हवेत. प्रत्यक्षात २०२५ मध्ये राजधानी सोफियात लेव वाचवण्यासाठी मोर्चे निघत होते. फेब्रुवारीत तर निदर्शकांनी युरोपीय संघाच्या कचेरीवर लाल रंग फेकला. मोर्चे काय, चार लोकही काढतात, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण जनमत चाचण्यांतही साधारण निम्मे लोक युरोच्या विरोधात दिसत होते.

हे कोडं नुसत्या अर्थशास्त्राने सुटत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. ‘तुम्हाला युरो हवा का?’ असं विचारल्यावर माणूस चलनाचा विचार फारसा करत नाही. आपला पैसा कोणाच्या हातात राहिलेला बरा, आपल्या राजधानीच्या की युरोची मध्यवर्ती बँक जिथे आहे त्या परक्या फ्रँकफुर्टच्या, एवढंच तो मनाशी तोलत असतो. आणि ते तोलताना त्याला आठवतं, आधी कोणी बुडवलं होतं ते.

संघ वेगळा, चलन वेगळं

युरोपीय संघात २७ देश आहेत. संघात असणं म्हणजे सामाईक बाजारपेठ, सामाईक नियम, कुठेही नोकरी करण्याची मुभा. बल्गेरिया या संघात २००७ पासून आहे. पण युरो हे चलन त्यातले २१ देशच वापरतात. या एकविसांच्या गटाला युरोक्षेत्र म्हणतात. त्यांचं व्याजदराचं धोरण फ्रँकफुर्टमधली युरोपीय मध्यवर्ती बँक ठरवते. आपल्याकडे जे काम रिझर्व्ह बँक करते तेच, फक्त एकवीस देशांसाठी मिळून.

संघात नव्याने आलेल्या देशांनी अटी पूर्ण झाल्या की युरो घ्यायचा, असं करारातच लिहिलेलं आहे. त्यातून रीतसर सूट आजघडीला एकट्या डेन्मार्कला आहे. अटीही ठरलेल्या: सरकारी तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत, कर्ज ६० टक्क्यांच्या आत, महागाई आणि व्याजदर इतरांच्या फार पुढे नकोत, आणि दोन वर्षं विनिमय दर स्थिर ठेवून दाखवायचा. कर्जाच्या बाबतीत बल्गेरिया जर्मनी-फ्रान्सपेक्षाही सज्जन, त्याचं कर्ज पंचवीस टक्क्यांच्या आसपास. गाडी अडली ती महागाईवर. त्यापायी तारीख दोनदा पुढे गेली आणि ८ जुलै २०२५ ला शेवटचा शिक्का बसला.

‘आमचं सार्वभौमत्व गेलं’

हा सगळ्यात मोठ्या आवाजातला आक्षेप. स्वतःचं चलन नाही तो कसला देश? ऐकायला बिनतोड वाटतं. पण लेव किती स्वतःचा होता ते पाहिलं की आक्षेपाची हवा बरीच कमी होते.

त्यासाठी १९९६-९७ च्या हिवाळ्यात जावं लागेल. साम्यवादी राजवट जाऊन काही वर्षं झाली होती. बँकांनी मर्जीतल्या लोकांना आणि तोट्यातल्या सरकारी कारखान्यांना वाटलेली कर्जं बुडाली, बँका एकामागून एक कोसळल्या आणि सरकारने नोटा छापून भोकं बुजवायला घेतली. फेब्रुवारी १९९७ या एका महिन्यात भाव २४० टक्क्यांच्या वर चढले. वर्षाला नव्हे, महिन्याला. पहिल्या तारखेला शंभर लेवला मिळणारी वस्तू महिनाअखेर तीनशे चाळीसच्या घरात. आयुष्यभराची पुंजी लेवमध्ये ठेवलेल्या पेन्शनरांचं काय झालं असेल, याला हिशेबाची गरज नाही. त्याच जानेवारीत संतापलेला जमाव संसदेत घुसला होता.

यावर उपाय म्हणून १ जुलै १९९७ पासून जी व्यवस्था आली तिला चलन मंडळ म्हणतात. नाव जड असलं तरी मतलब सोपा आहे. राष्ट्रीय बँकेने जेवढे लेव बाजारात सोडले असतील, तेवढ्या किमतीची परकीय गंगाजळी तिच्याकडे असलीच पाहिजे. सरकारला तूट आली म्हणून नोटा छापून मिळणार नाहीत. आणि लेवचा भाव कायमचा बांधलेला, आधी जर्मन मार्काशी. १००० लेव म्हणजे १ मार्क. १९९९ मध्ये तीन शून्यं कापली आणि एकास एक झालं. त्याच वर्षी मार्क युरोत विलीन झाला, १.९५५८३ मार्कांना एक युरो या दराने. म्हणून लेवचाही दर तोच. आज बल्गेरियात प्रत्येक किमतीला ज्या पाच दशांशांच्या आकड्याने भागतात, तो मूळचा जर्मन आहे.

काठमांडूला जाऊन आलेल्यांना हे चटकन कळेल. नेपाळचा रुपया १९९३ पासून १.६० ला एक भारतीय रुपया असा बांधलेला आहे. भूतानचा ङुल्ट्रम तर आपल्या रुपयाबरोबर एकास एक. नोट त्यांची, चित्र त्यांच्या राजाचं किंवा डोंगराचं, पण रुपया घसरला की तीही बरोबरीने घसरते.

म्हणजे २८ वर्षं बल्गेरियाकडे स्वतःची नोट होती, चलनधोरण नव्हतं. फ्रँकफुर्टने जे ठरवलं ते सोफियाच्या माथी बसत होतं, आणि ते ठरतं त्या टेबलाशी सोफियाला खुर्ची नव्हती. आता बल्गेरियाच्या गव्हर्नरांना ती मिळाली आहे. मताधिकार पाळीपाळीने मिळतो, हे खरं. तरी शून्यापेक्षा ते जास्तच.

मग आक्षेपात काहीच दम नाही? आहे, थोडा. चलन मंडळ त्यांच्या स्वतःच्या कायद्याने आलं होतं. जीवावर बेतलं असतं तर संसदेला एका रात्रीत ते मोडून लेवची किंमत उतरवता आली असती. त्याचे हाल लोकांनीच भोगले असते, पण दार उघडत होतं. युरोला तसं दार करारात ठेवलेलंच नाही. आत कसं यायचं याचे नियम पानोपानी आहेत, बाहेर कसं पडायचं याची एक ओळ नाही. ज्यांना हे खटकतं त्यांना मी येडचाप म्हणणार नाही.

‘सगळं महाग होणार’

टीव्हीवरच्या चर्चा सार्वभौमत्वावर झाल्या असतील, घरातली चर्चा मात्र यावरच होती. इथे जरा थांबू, कारण हा आक्षेप आकड्यांत चूक आणि अनुभवात बरोबर आहे.

समजा सोफियातल्या एका टपरीवर बनित्सा २.४० लेवला मिळते. बनित्सा म्हणजे चीज घातलेला तिथला न्याहारीचा पदार्थ, आपल्या वडापावइतकाच सर्वव्यापी. २.४० ला १.९५५८३ ने भागा, १.२२७ येतात. नियम सांगतो, दोन दशांशांपर्यंत आणा: १.२३ युरो. आता १.२३ हा काही टपरीवाल्याच्या तोंडात बसणारा आकडा नाही. सुटे द्यायची कटकट. तो आज ना उद्या १.३० करणार. १.३० युरो म्हणजे २.५४ लेव. सहा टक्के वाढ, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत, रोज सकाळी.

त्याच महिन्यात फ्रिजची किंमत जागच्या जागी राहिली, मोबाइलचं बिल पैशापैशाने तेवढंच राहिलं, एखादं विमानाचं तिकीट स्वस्त झालं. सांख्यिकी खातं या सगळ्याची सरासरी काढून म्हणणार, चलनबदलाचा परिणाम नगण्य. पण फ्रिज माणूस दहा वर्षांतून एकदा घेतो. महागाईचा अंदाज तो बनित्सा, कॉफी आणि केशकर्तनालयावरून बांधतो.

२००२ मध्ये पहिल्या बारा देशांत नोटा-नाणी आली तेव्हा नेमकं हेच झालं. युरोपीय संघाच्या सांख्यिकी विभागाने हिशेब केला, की चलनबदलामुळे एकूण महागाईत पडलेली भर ०.१२ ते ०.२९ टक्के बिंदू इतकीच होती. उपाहारगृहांत आणि कटिंगच्या दुकानांत मात्र भाव ठळक वाढले होते. आज इतक्या वर्षांनंतरही इटलीत किंवा जर्मनीत साठीच्या पुढचा माणूस गाठा. लिरा आणि मार्कांच्या जमान्यातले भाव तो तोंडपाठ सांगेल, आणि युरोने सगळं दुप्पट केलं म्हणून सरकारी आकडेवारीला शिव्या घालेल. मधल्या वर्षांत महागाई तशीही झाली असती, हे त्याला पटवण्याच्या भानगडीत पडू नये.

क्रोएशियाने २०२३ मध्ये कुना सोडून युरो घेतला तेव्हा तिथे आधीच बारा-तेरा टक्क्यांची महागाई होती, युक्रेन युद्ध आणि इंधनामुळे. जानेवारीत काही दुकानदारांनी भाव वाढवले, सरकारने दम दिला की ३१ डिसेंबरचे भाव परत लावा. महागाईचा दर डिसेंबरपेक्षा जानेवारीत किंचित कमीच निघाला. लोकांच्या लक्षात राहिली ती कॉफी.

बल्गेरियाने यातून धडा घेऊन ८ ऑगस्ट २०२५ पासून वर्षभरासाठी दोन्ही किमती लावणं सक्तीचं केलं. प्रत्येक पाटीवर लेव आणि युरो शेजारी शेजारी, नाहीतर दंड. डिसेंबरमध्ये बँका आणि पोस्टातून २० लेवला सुट्या युरो नाण्यांची पाकिटं विकायला ठेवली, आत १०.२३ युरोची ४२ नाणी. लोकांचा हात बसावा म्हणून.

मराठवाड्यातल्या जुन्या घरांना हा प्रकार ऐकून नवल वाटणार नाही. निजामाच्या हैदराबाद राज्यात हाली सिक्का चालायचा आणि इंग्रजी मुलखातला रुपया म्हणजे कलदार. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं, पण हाली लगेच गेला नाही. १९५० पासून सात हालींना सहा कलदार या दराने दोन्ही रुपये बरोबरीने चालले आणि हाली पूर्ण बाद व्हायला १९५९ उजाडलं. सातास सहाचा हिशेब बाजाराच्या दिवशी तोंडी करायचा, तोही बहुसंख्य लोक निरक्षर असताना! त्यापुढे १.९५५८३ आणि हातात मोबाइल म्हणजे चैनच म्हणायची. एक फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा: मराठवाड्यातल्या लोकांनी निजामाची सत्ता जावी म्हणून लढा दिला होता. हाली गेल्याचं दुःख कोणाला असणार? जी राजवट नकोशी झालेली असते तिच्या नाण्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही.

‘आम्ही गरीब, आणि कर्जं ग्रीसची फेडायची?’

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण असं एकदा घडलेलं आहे, आणि एका देशाचं सरकारही त्यात गेलं आहे.

युरोक्षेत्राचा एक सामाईक बचाव निधी आहे, २०१२ मध्ये उभारलेला. सोसायटीच्या दुरुस्ती निधीसारखा. तिसऱ्या मजल्यावर गळती लागली तर दुरुस्ती सगळ्यांच्या पैशांतून होते, आणि तळमजल्यावरचे आजोबा विचारतात, त्यांनी टेरेसवर बाग केली त्याचे पैसे मी का भरू? हा निधी फुकट पैसे देत नाही, कर्ज देतो, अटी घालून. पण हमी सगळ्यांची असते. आता बल्गेरियाही त्यात वाटा घालणार. गरीब सदस्यांना पहिली बारा वर्षं त्यात सवलत असते.

हा निधी येण्याआधी २०११ मध्ये ग्रीस बुडायला आला आणि तेव्हाच्या तात्पुरत्या निधीत प्रत्येकाला हमी वाढवायला सांगितलं गेलं. स्लोव्हाकियात पगार आणि पेन्शनी ग्रीसपेक्षा कमी. तिथल्या लोकांनी विचारलं, आमच्याहून जास्त पेन्शन घेणाऱ्यांना आम्ही का वाचवायचं? सत्ताधारी आघाडीतला एक पक्ष अडून बसला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये पंतप्रधान इव्हेता रादिचोव्हा यांचं सरकार पडलं. दोनच दिवसांनी, विरोधकांना मुदतपूर्व निवडणूक कबूल करून, तोच ठराव मंजूर झाला. सरकार गेलं आणि पैसेही भरावे लागले.

खरी गोम इथे आहे. भारत हाही एक चलन संघच आहे. बिहार आणि महाराष्ट्र एकच रुपया वापरतात, रिझर्व्ह बँकेचा एकच व्याजदर दोघांना. बिहारची अडचण झाली म्हणून बिहारी रुपया स्वस्त करता येत नाही. तरी गाडा चालतो, कारण केंद्राकडे मोठी तिजोरी आहे. मुंबईत गोळा झालेला कर वित्त आयोगाच्या सूत्राने पाटण्याला जातो. त्यावरून कुरबूर आपल्याकडेही चालते, दक्षिणेतली राज्यं तर उघड बोलतात. पण ती घरातली कुरबूर आहे. पाटण्याचा माणूस काम शोधायला पुण्याला येतो, मतदान एकाच लोकसभेसाठी होतं.

युरोक्षेत्राने चलन एक केलं, तिजोरी एक केली नाही. संपूर्ण युरोपीय संघाचं अंदाजपत्रक संघाच्या उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास असतं. एवढ्याशा पैशात कोणाला किती सावरणार? आणि व्याजदर सगळ्यांना एकच. जर्मनी गारठलेला होता तेव्हा ठेवलेल्या कमी व्याजदरात स्पेन आणि आयर्लंडमध्ये घरांचे भाव फुगले आणि २००८ नंतर फुटले.

बल्गेरियाबाबत इथे एक खवचट आठवण करून द्यावीशी वाटते. संघाच्या अंदाजपत्रकातून बल्गेरिया भरतो त्यापेक्षा कितीतरी जास्त घेतो. रस्ते, मेट्रो, शेतीचं अनुदान. ‘आम्ही इतरांची कर्जं फेडतो’ ही तक्रार उद्या खरी ठरू शकेल, आज हिशेब उलट्या बाजूला आहे.

ग्रीसने ‘नको’ म्हटलं, ते युरोला नव्हे

बल्गेरियाची दक्षिण सीमा ग्रीसला लागते. त्यामुळे २०१५ चा तमाशा त्यांनी शेजारच्या खिडकीतून पाहिला. जूनअखेर ग्रीक बँका बंद झाल्या. एटीएममधून एका कार्डावर दिवसाला ६० युरो. रांगेत उभे पेन्शनर. ५ जुलैला जनमत कौल झाला आणि कर्ज देणाऱ्यांच्या अटी ६१ टक्क्यांहून अधिक लोकांनी धुडकावल्या.

जगभर अर्थ काढला गेला, ग्रीस युरो सोडणार. पण त्याच काळातल्या चाचण्या सांगत होत्या की बहुसंख्य ग्रीकांना युरो हवाच होता. बेकारी २७ टक्क्यांपर्यंत जाऊन आलेली, पगार-पेन्शनी कापलेल्या, आणि तरीही. यात मला विसंगती दिसत नाही. ग्रीकांचा फ्रँकफुर्टवर राग होता, अथेन्सवर विश्वास नव्हता. आपल्या पुढाऱ्यांच्या हाती ड्राख्मा, म्हणजे जुनं ग्रीक चलन, छापायचं यंत्र परत दिलं तर आपल्या बचतीचं काय होईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. काही दिवसांतच सरकारने जवळपास त्याच अटी मान्य केल्या, आणि सप्टेंबरच्या निवडणुकीत लोकांनी तेच सरकार पुन्हा निवडून दिलं.

ठामपणे ‘नाही’ कोण म्हणतं?

स्वीडन आणि डेन्मार्क. श्रीमंत, शिस्तीचे. युरो ज्यांना सगळ्यात सहज झेपला असता तेच बाहेर.

डेन्मार्कने २८ सप्टेंबर २००० च्या कौलात ५३ टक्क्यांनी युरो नाकारला. स्वीडनने १४ सप्टेंबर २००३ ला, जवळपास ५६ टक्क्यांनी. स्वीडनच्या परराष्ट्रमंत्री अ‍ॅना लिंड या युरोच्या बाजूच्या सगळ्यात लोकप्रिय प्रचारक. मतदानाच्या चार दिवस आधी स्टॉकहोममधल्या एका दुकानात त्यांच्यावर चाकूहल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. सहानुभूतीची लाट येईल असं पुष्कळांना वाटलं होतं. लोकांनी शोक केला आणि मत मात्र ठरवलं होतं तेच दिलं. आमचं कल्याणकारी राज्य, आमचे बालवाडी-पाळणाघरांचे पैसे परक्या बँकेच्या मर्जीवर जायला नकोत, ही धास्ती बायकांत अधिक होती, आणि नकाराची मतंही त्यांचीच जास्त पडली.

गंमत डेन्मार्कची आहे. त्यांचा क्रोन युरोशी बांधलेला आहे, ७.४६ च्या दराला. फ्रँकफुर्टने व्याज वाढवलं की कोपनहेगन मागोमाग वाढवतं. म्हणजे बल्गेरिया करत होता तेच, फक्त थाटात. स्वीडनने मात्र चलन खरंच मोकळं ठेवलं. त्याला सूट नाही, पण स्थिर दराच्या यंत्रणेत शिरायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर असल्यामुळे तो तिच्या दारातच उभा आहे, वीसहून अधिक वर्षं. कायद्यातली ही फट ब्रुसेल्सला, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयाला, माहीत आहे. स्वीडनला कोण बोलणार?

स्वीडिश माणसाचा आपल्या सरकारवर, आपल्या मध्यवर्ती बँकेवर विश्वास आहे. त्याची पुंजी स्टॉकहोमने कधी बुडवली नाही. त्याने फ्रँकफुर्टला चावी का द्यावी? बल्गेरियात नेमकं उलट. तिथला युरोसमर्थक म्हणतो, १९९७ आठवा. २०१४ आठवा, देशातली चौथ्या क्रमांकाची बँक बुडाली आणि ठेवीदारांचे पैसे महिनोन्महिने अडकले. आमच्या लोकांवर फ्रँकफुर्टची देखरेख असलेली बरी. विरोधकही १९९७ च आठवतो. चलनात फेरफार झाले की पैसे सामान्य माणसाचे जातात, वरच्यांचे कधी जात नाहीत, हे त्याचं शिक्षण. ताक फुंकून पिणाऱ्याला तुम्ही ताकाचे गुण सांगून काय उपयोग?

त्यात भर अफवांची. बँकेतल्या ठेवी जप्त होणार, पैसे काढायला मर्यादा येणार, असले संदेश समाजमाध्यमांवर धो-धो फिरत होते. आणि एक जुना धागा: १८७८ मध्ये तुर्कांच्या अमलातून बल्गेरिया सुटला तो रशियन सैन्यामुळे. रशियाबद्दलची आपुलकी तिथे अजून पुष्कळ घरांत आहे. मोर्चांचं नेतृत्व करणारा व्हझराझ्दाने पक्ष उघड रशियाकडे झुकलेला. त्यामुळे पाहणीतलं ‘नको’ हे युरोला, युद्धाला, ब्रुसेल्सला आणि आपल्याच सरकारला, अशा चार पत्त्यांवर गेलेलं असतं.

मग लोकांना विचारलं का नाही?

तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रुमेन रादेव यांनी मे २०२५ मध्ये जनमत कौलाचा प्रस्ताव दिला. संसदेच्या अध्यक्षांनी तो दाखलच करून घेतला नाही. त्याआधी व्हझराझ्दानेने सह्या गोळा केल्या होत्या, तेही संसदेत आणि नंतर घटनात्मक न्यायालयात टिकलं नाही. कारण एकच: २००७ मध्ये संघात शिरताना युरो घेण्याचं वचन करारातच दिलेलं आहे, आता त्यावर कौल घेणं म्हणजे करार मोडणं.

कायद्याने हे बरोबर आहे. राजकारण म्हणून मला ते महागात पडलेलं दिसतं. कौल घेतला की हरलेली बाजूही निकाल पचवते. गोव्याचं उदाहरण आपल्यासमोर आहे. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं यावर १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं, विलीनीकरणवाद्यांना १ लाख ३८ हजार मतं मिळाली आणि विरोधात १ लाख ७२ हजार. तोपर्यंत घराघरांत भांडणं होती. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः विलीनीकरणाच्या बाजूचे. पण आकडे लागले आणि प्रश्न मिटला. दोनच महिन्यांनी लोकांनी बांदोडकरांना पुन्हा निवडून दिलं. बल्गेरियातला प्रश्न तसा मिटलेला नाही. ‘आम्हाला विचारलं नाही’ हे हत्यार पुढची दहा वर्षं निवडणुकीत चालेल.

आणि ज्या सरकारने युरो आणला ते आनंद साजरा करायलाही धड उरलं नाही. २०२६ चं अंदाजपत्रक, पहिल्यांदाच युरोत मांडलेलं, त्यातल्या वाढीव करांवरून आणि भ्रष्टाचारावरून प्रचंड निदर्शनं झाली आणि ११ डिसेंबर २०२५ ला पंतप्रधान रोसेन झेल्याझ्कोव यांनी राजीनामा दिला. या मोर्चांत तरुण मोठ्या संख्येने होते, आणि त्यातल्या अनेकांना युरो हवाच होता. त्यांचा राग, युरो सांभाळणार कोण यावर होता.

आता मत बदलेल का?

एस्टोनिया (२०११), लाटव्हिया (२०१४) आणि लिथुएनिया (२०१५) यांचा अनुभव बदलेल असं सांगतो. लाटव्हियात आदल्या वर्षी बहुसंख्य लोक विरोधात होते. काही वर्षांत पारडं फिरलं. युरो फार गोड लागला असं नाही. जाहीर केलेली संकटं आली नाहीत, एवढंच पुरलं. शिवाय २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला आणि पाश्चिमात्य गोटात जितकं घट्ट बसता येईल तितकं बरं, असं तिकडे वाटू लागलं.

इटलीचा अनुभव नेमका उलटा. युरोच्या पहिल्या तुकडीत जागा मिळावी म्हणून प्रोदी सरकारने १९९७ साठी जादा कर लावला, लोकांनी तो भरला, आणि १९९९ मध्ये त्यातला ६० टक्के परतही मिळाला. रोमपेक्षा ब्रुसेल्स बरं, असं तेव्हाच्या इटालियन माणसाला मनापासून वाटत होतं. पुढची वीस वर्षं उत्पन्न जागच्या जागी राहिलं आणि तोच देश युरोबद्दल सगळ्यात कुरकुरणाऱ्यांत जाऊन बसला.

बल्गेरियाच्या नव्या १ युरोच्या नाण्यावर संत इव्हान रिल्स्की आहेत, २ युरोच्या नाण्यावर इतिहासकार भिक्षू पायसी. सेंटच्या नाण्यांवर मादाराच्या कड्यावर कोरलेला घोडेस्वार. हे सगळं जुन्या लेवच्या नाण्यांवरूनच उचललेलं आहे, लोकांना परकं वाटू नये म्हणून. बनित्साच्या टपरीवर मात्र माणूस नाण्याचं चित्र पाहत नाही, किती सुटे परत आले ते पाहतो. सध्याच्या चाचण्यांवरून निष्कर्ष काढण्याची घाई मी करणार नाही. ऑगस्ट २०२६ मध्ये लेवची किंमत लावण्याची सक्ती संपेल, पाट्यांवर एकच आकडा उरेल आणि मनातल्या मनात भागाकार करणंही हळूहळू सुटेल. कौल पाहायचा तर त्यानंतरच्या हिवाळ्यात, तापवणीची बिलं घरी आल्यावर.